बदामाचं दूध

१

पाहुणे गेले की ब्रिझियो फ्लॅटमध्ये शिरायचा आणि आधी सगळ्या झडपा उघडायचा. मग चादरी, टॉवेल, कचऱ्याच्या पिशव्या, न्हाणीघरातले केस. सुट्टीवर आलेली माणसं किती केस गाळतात हे तोरिनोच्या इंजिनियरिंग कॉलेजात त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तिथून तो दुसऱ्याच वर्षी सगळं सोडून दक्षिणेतल्या आपल्या गावी, लेच्चेला परत आला होता आणि आई अजूनही शेजारणींना सांगत होती, पोरगा जरा विश्रांती घेतोय. विश्रांती म्हणजे तुल्लियोमामाच्या फ्लॅटचा संडास घासणं.

सगळ्यात शेवटी दूध.

फ्लॅटची मागची खोली एका बंद पडलेल्या चर्चला चिकटून होती. मामाने तिथला गिलावा खरवडून काढला तेव्हा भिंतीतून एक डोकं निघालं. तान्ह्या देवदूताचं, कुरळ्या जावळाचं. या गावात त्याचं कुणाला कौतुक नाही. दारांवर, खांबांवर, सज्जांखाली अशी पोरं द्राक्षांच्या घडांत आणि राक्षसांच्या दाढ्यांत जिथे तिथे लोंबकळत असतात. इथला दगडच इतका मऊ, की जुन्या कारागिरांना हात आवरता आला नाही. आणि मऊ म्हणूनच तो झडतो. या पोराचं नाक गेलं होतं, डावा गाल खरडून काढल्यासारखा होता, डोळ्यांच्या जागी दोन उथळ खळगे. तोंड तेवढं शाबूत होतं. गोल, उघडं. मामाने त्याचा फोटो जाहिरातीत टाकला, खाली लिहिलं 'देवदूताच्या कुशीत झोपा', आणि भाडं वाढवलं.

"पाहुणे गेले की दर वेळी दूध चोळायचं," मामाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "साय असलेलं. गाईचं. मग भुकटी झडत नाही."

"त्याला दुकानात रसायन मिळतं, मामा."

"रसायन तुझ्या टाळक्याला लाव. माझा बाप गवंडी होता. त्याने दगडाला दुसरं काही लावलं नाही."

म्हाताऱ्यांचं हे असंच. कारण विचारलं की बाप पुढे करायचा. बापाला विचारायची सोय नसते, तो केव्हाच मेलेला असतो.

त्या दिवशी फ्रिजमधलं दूध पाहुण्यांनी कॉफीत संपवून टाकलं होतं. बाहेर दुपारची उफराटी वेळ. जेवणं झाली, गाव झडपा ओढून आडवं झालं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. लहानपणी या वेळेला पोरांना घराबाहेर पाऊल टाकू देत नसत. दुकानं संध्याकाळशिवाय उघडणार नव्हती आणि नवे पाहुणे स्टेशनवर उतरलेसुद्धा होते. फ्रिजच्या दारात बदामाच्या दुधाची बाटली होती. उन्हाळ्यात इथे प्रत्येक फ्रिजमध्ये असते. थंड कॉफीत घालायला, गोडमिट्ट. ब्रिझियोने ती उचलली. दूध म्हटलं की दूध.

गाईचं दूध तो दगड सावकाश प्यायचा. पांढरे ओघळ बराच वेळ भिंतीवर दिसत, खोलीत आंबूस वास राही. आज मात्र ब्रश पुढे सरकला की मागचा ओलेपणा गायब. ब्रिझियोने पुन्हा हात मारला. पुन्हा कोरडं. त्याने ब्रश बाटलीत बुडवला आणि पाठमोरा असतानाच त्याला बारीक आवाज आला, पेल्यातला शेवटचा घोट कुणीतरी ओठांनी ओढून घ्यावा तसा.

त्याने मोरीचा नळ पाहिला. नळ बंद होता.

"पाइपात हवा," तो म्हणाला. आणि आपण हे मोठ्याने का म्हणालो, याचाच त्याला राग आला.

२

मग त्याने गाईचं दूध आणणंच सोडलं. पाहुणे बदामाच्या अर्धवट बाटल्या टाकून जात, त्याच वापरायच्या. मामा फ्लॅटमध्ये कधी पाऊल टाकत नसे, त्यामुळे विचारणारं कुणी नव्हतं.

एवढं गोड भिंतीला लागल्यावर मुंग्या येणार हे त्याने गृहीत धरलं होतं. आल्या. स्वयंपाकघरातून दाराच्या चौकटीवरून त्यांची रांग मागच्या खोलीत पोचली, भिंतीवर सरळ चढली आणि डोक्यापासून वीतभर अंतरावर वळली. लांबचा वळसा घालून पलीकडून छताकडे गेली. ब्रिझियोने फुंकर मारून रांग मोडली. मुंग्या सैरावैरा झाल्या, पुन्हा जमल्या आणि पुन्हा त्याच जागेवरून वळल्या. मधल्या जागेत एकही नाही. गोड तर तिथेच होतं.

चुना असेल, त्याने विचार केला. मुंग्यांना चुना चालत नाही. सगळी भिंतच चुन्याची आहे हे त्याच्या लक्षात जिना उतरल्यावर आलं.

पुढे एकदा उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता, दोरीवरचे टॉवेल बघता बघता पापडासारखे कडक झाले होते, आणि त्या दिवशी पोराचे ओठ ओले होते. फक्त ओठ. ब्रिझियोने बोट लावून पाहिलं. बोट चिकट झालं आणि कोमट. त्याने ते पँटला पुसलं, आणि घरी जाईपर्यंत पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

त्या रात्री जेवताना आईने जाहीर केलं, "इरेने फ्लॅटवर राहील. तुल्लियोशी बोलले मी."

इरेने त्याची मोठी बहीण. लग्न करून बेर्गामोला गेली होती आणि आता बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी येत होती. मिकेले दिवस भरण्याआधीच जन्मलेला. तिथल्या डॉक्टरने तिला स्पष्ट सांगितलं होतं, वजन चढतं राहिलं पाहिजे. उतरायला लागलं तर तडक हॉस्पिटल, नाकातून नळी, आणि तरीही सांगता येत नाही. फोनवर ती दुसरं काही बोलतच नसे. आज इतकं प्याला, आज इतकं भरलं.

"इथे का नाही राहत?" ब्रिझियो म्हणाला. "माझी खोली घेऊ दे. मी बाहेर झोपतो."

"गच्चीखालच्या या भट्टीत? बाळ शिजेल. तिथल्या भिंती जाड आहेत, मागची खोली गार असते."

"मागच्या खोलीत नको."

"का?"

मुंग्या वळतात, हे काय उत्तर झालं?

"भुकटी झडते," तो म्हणाला. "बाळाच्या नाकात जाईल."

"मग नीट दूध चोळ! एक काम दिलंय ते धड होत नाही. कॉलेज सोडलंस, आता ब्रशही सोड." आईने बापाकडे पाहिलं. बापाने टीव्हीचा आवाज वाढवला. घरात मत द्यायची त्याची तेवढीच पद्धत होती.

३

"काय इंजिनियर," इरेने दारातच म्हणाली, "संडास चकचकीत आहे ना?"

"तुझ्यासाठी खास घासलाय. आरसाच समज."

ती हसली, पण डोळ्यांखाली काळं होतं. मिकेले तिच्या खांद्यावर मांजराच्या पिल्लाएवढा, एका पावलाची दोन बोटं जन्मतःच जुळलेली. ब्रिझियोने बोट पुढे केलं तर त्याने ते धरलं, आणि धरण्यात जोर असा काही नव्हता. मात्र रडला तेव्हा त्याने अख्खा जिना डोक्यावर घेतला.

पहिल्या दोनेक दिवसांत रडणं थांबलं. इरेने खूष होती. मागच्या खोलीतल्या बुटक्या खुर्चीत बसून ती त्याला पाजायची आणि बाहेर येऊन सांगायची, "इथे काय लागतो रे माझा राजा! बेर्गामोला दोन घोट घेऊन झोपायचा. इथे दिवसभर पितो. माझं अंग रिकामं होतं नुसतं."

आई तिला पेले भरभरून बदामाचं दूध पाजत होती. बाळंतिणीने ते प्यायलं की दूध वाढतं, हे आईला तिच्या आईने सांगितलं होतं. झालं, संपला विषय.

औषधांच्या दुकानातून बाळाचा वजनकाटा भाड्याने आणला होता. पहिल्या वेळी वजन उतरलेलं दिसलं तेव्हा इरेनेने दुपटं बाजूला करून बाळाला पुन्हा काट्यावर ठेवलं. दुसऱ्या वेळी तिने काट्याखाली हात घालून जमीन सपाट आहे का ते चाचपलं. तिसऱ्या वेळी तिने आकड्यावर दुपटं टाकलं.

"काटा बिघडलाय," आई म्हणाली. "भाड्याचं असंच असतं. बघ की, पोरगं किती शांत आहे."

"शांत नाही," ब्रिझियो म्हणाला. "त्याला रडायची ताकद नाही."

"तुला किती पोरं झालीत?"

"डॉक्टरांना फोन करू, इरेने."

"आणि गावच्या संताच्या सणाला त्याला हॉस्पिटलात टाकू? नाकात नळ्या घालू?" आईचा आवाज चढला. "रविवारी बाप्तिस्मा आहे. माणसं बोलावलीत. पोरगं आईचं दूध पितंय, बाकी सगळे चोचले."

इरेने दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग आईचं ऐकलं. या घरात आईचं न ऐकणारा एकच होता, आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांना दिसत होतं.

ब्रिझियो रोज फ्लॅटवर जाऊ लागला. बुटकी खुर्ची तो खिडकीपाशी ठेवून यायचा. दुसऱ्या दिवशी ती भिंतीला टेकलेली असायची.

"तू सरकवतेस?"

"पाठ टेकायला. भिंत गार आहे," इरेने म्हणाली. मग जरा थांबून, "मीच सरकवत असेन."

ती दोघं स्वयंपाकघरात होती. ब्रिझियो तिच्यासाठी पीच सोलत होता. मिकेले तिच्या मांडीवर झोपला होता, पापण्या निळसर, तोंड मिटलेलं. बाहेर सणासाठी रोषणाईच्या कमानी उभ्या करणारे मजूर हातोडे मारत होते. मग त्यांची जेवायची वेळ झाली, हातोडे थांबले, आणि मागच्या खोलीतून आवाज आला. चुट्‌. चुट्‌. मग हुंकारासारखं काहीतरी, नाकातून आलेलं, हट्टी.

इरेने उठली. "आले रे, आले," ती म्हणाली आणि ब्लाऊजच्या वरच्या गुंडीला हात घालत खोलीकडे निघाली. मिकेले तिच्या कडेवरच होता. उंबऱ्यावर तिने खाली त्याच्याकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबली.

"बाळंतिणीचं डोकं," ती हसून म्हणाली. "ठिकाणावर नसतं."

ब्रिझियो हसला नाही. पीचचा रस त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेला.

४

दुसऱ्या दिवशी इरेने अंघोळीला गेली तेव्हा तो मागच्या खोलीत उभा राहिला. फोनवर त्याने मामाची जाहिरात काढली. फोटोत नाक नव्हतं, डावा गाल खरडलेला.

भिंतीत डावा गाल होता.

त्याने फोन तिरका धरला. प्रकाशामुळे असेल. झडपांतून तिरपं ऊन येतं, सावल्या भरल्यासारख्या वाटतात. त्याने दिवा लावला. गाल होता. नाकाच्या जागी बोंडासारखा उंचवटा होता. दगड झिजतो, हे त्याला ठाऊक होतं. अख्खं गाव शेकडो वर्षं झिजतंय, पायऱ्यांना खळगे पडलेत, संतांची बोटं गेलीत. भरून आलेला दगड त्याने कधी पाहिला नव्हता. आणि ते नाक ओळखीचं होतं. किंचित डावीकडे कललेलं, इरेनेच्या नवऱ्यासारखं. मिकेलेसारखं.

मामा चौकातल्या बारबाहेर सावलीत बसला होता, पुढ्यात बर्फ घातलेली कॉफी.

"मामा, त्या डोक्याला गाल कधी आला?"

"कसला गाल? बस. काही घेणार?"

"भिंतीतल्या डोक्याला. गाल आलाय, नाक येतंय. मिकेलेचं वजन उतरतंय."

मामाने चमचा ढवळणं थांबवलं नाही, पण तो आता उगीचच ढवळत होता. "दूध चोळतोस ना?"

"चोळतो."

"गाईचं?"

ब्रिझियोने खुर्ची ओढली आणि तो बसला.

"ब्रिझियो, कसलं दूध चोळतोस तू?"

"बदामाचं. उन्हाळा लागल्यापासून. काय फरक पडतो? दगडच तर आहे."

चमचा थांबला. मामाच्या जाड मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये गेला.

"गाईचं फिकं असतं," तो हळू म्हणाला. "आईचं गोड असतं, गाढवा."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही."

"तुला माहीत होतं."

"मला काहीही माहीत नाही! मी एकदाच त्या खोलीत दुपारचा झोपलो होतो, गिलावा काढला तेव्हा. परत गेलो नाही. झालं?" मामाने इकडेतिकडे पाहिलं. बारवाला आत टेबलं पुसत होता. "तुला कशाला ठेवलं मग कामावर? तुझ्या हुशारीसाठी?"

ब्रिझियोला मामाचा गळा धरावासा वाटला. पाहुण्यांना तिथे झोपवलं. बहिणीच्या पोरीला, नातवाला झोपवलं. वर जाहिरात केली.

"जा, तिला बाहेर काढ," मामा म्हणाला. "ओरडू नकोस, समजावत बसू नकोस. पोराला उचल आणि निघ."

"तू चल."

"माझे गुडघे..."

मागच्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नात हेच गुडघे पहाटेपर्यंत नाचले होते. ब्रिझियो उठला. मागून मामा म्हणाला, "नीट बघून उचल." ब्रिझियो वळला तेव्हा मामा बर्फाकडे बघत होता.

५

दुपारची उफराटी वेळ लागली होती. गल्ल्या पांढऱ्याफटक, डोळ्यांत खुपणाऱ्या. सगळ्या झडपा बंद. रोषणाईच्या कमानी रंगीत बल्ब घेऊन उन्हात उभ्या होत्या आणि त्यांखाली कुणी नव्हतं. वरून सज्जांखालची पोरं उघड्या तोंडांनी खाली बघत होती. ब्रिझियोने आयुष्यभर त्यांच्याखालून जा-ये केली होती. आज तो गल्लीच्या मधून चालला.

फ्लॅटचा दरवाजा त्याने किल्लीने उघडला. पुढची खोली नीटनेटकी. टेबलावर बदामाच्या दुधाचा रिकामा पेला, त्यात माशी.

आवाज मागून येत होता. घोट. श्वास. घोट. तहानलेल्या बाप्याने ओंजळीने पाणी प्यावं तसे मोठे, सलग, घाईचे घोट.

पित असेल मिकेले, त्याने स्वतःला सांगितलं. चांगलंच आहे. प्यायलाच हवं त्याने.

दार अर्धवट उघडं होतं. आत झडपांतून उन्हाच्या बारीक पट्ट्या, बाकी अंधार. इरेने बुटक्या खुर्चीत भिंतीला पाठ लावून झोपली होती, मान एका बाजूला कलंडलेली, ओठ कोरडे. तिच्या छातीशी शालीखाली एक गोल डोकं हलत होतं. तिचा एक हात त्या डोक्यामागे होता, झोपेतही सांभाळणारा. कडेला घडीचा पाळणा होता.

पाळण्यातही बाळ होतं.

शेजारणीचं असेल, असं त्याच्या मनात आलं. कुणीतरी तासाभरासाठी ठेवून गेलं असेल. माणसाला कारण हवं असलं की ते असं पटकन सापडतं.

दोघंही पांढरी दिसत होती. त्या खोलीत सगळ्यावरच भुकटी बसली होती, चादरीवर, इरेनेच्या केसांवर, पापण्यांवर. खुर्चीमागे जमिनीवर भुकटीचा पिठासारखा ढीग होता. त्या ढिगाच्या वर, भिंतीत, डोकं जिथे होतं तिथे बघितलं असतं तर सगळं एका क्षणात कळलं असतं. ब्रिझियोने बघितलं नाही. मान वर उचलायचा हुकूम त्याने स्वतःला दिला आणि मान उचलली गेली नाही. मामाला शिव्या घालणारा तो, जमिनीकडे बघत उभा राहिला.

"इरेने," तो कुजबुजला.

"शू..." तिने डोळे उघडले नाहीत. "आत्ता कुठे लागलाय. भूक लागलीय त्याला."

शालीखालचे घोट क्षणभर थांबले. ऐकल्यासारखे. मग पुन्हा सुरू झाले.

ब्रिझियो पाळण्यावर वाकला. त्यातल्या बाळाचे डोळे उघडे होते आणि ते हलत नव्हतं. अंगात पिवळा सदरा होता, आईने इस्त्री करून दिलेला, मिकेलेचा. सदरा कुणालाही घालता येतो. पण त्या अंधारात दुसरी कुठली खूण त्याला दिसत नव्हती. त्याने दोन्ही हात घालून त्याला उचललं, जड असेल या तयारीने दम धरून, आणि हात एकदम वर आले. काही वजनच नव्हतं.

तो धावला.

६

गल्लीतल्या उन्हात त्याने ते बाळ पहिल्यांदा नीट पाहिलं आणि ते हातातून सुटतच होतं. नाक जवळजवळ नव्हतं. ओठांच्या कडा कुणी अंगठ्याने पुसाव्यात तशा पुसट झालेल्या. डावा गाल आत गेलेला. समोरच्या सज्जाखाली असलेच चेहरे ओळीने होते, पावसाने खाल्लेले. छाती हलतेय का ते त्याने पाहिलं. हलत होती. का आपल्याच धापेने हलतेय, हे त्याला ठरवता येईना.

"इरेने!" तो ओरडला. मामाने काही का सांगितलेलं असेना. "इरेने, बाहेर ये!"

ती आली. दारात उन्हाने डोळे मिचकावत, खांद्याशी शालीतलं बाळ. "बोंबलतोस काय असा? उठवशील त्याला."

शाल बाजूला झाली. त्या बाळाचे गाल गुबगुबीत होते, गुलाबी. नाक किंचित डावीकडे कललेलं. कुरळं जावळ. मिकेले असाच दिसायला हवा होता. वेळेवर जन्मला असता, पोटभर प्याला असता, तर. ते बाळ झोपेत ओठ चाटत होतं.

"हे काय आणलंस?" इरेने म्हणाली. तिची नजर पिवळ्या सदऱ्यावर होती. चेहऱ्यावर जाऊन ती पुन्हा घसरून सदऱ्यावर आली. "त्याचा सदरा कुणाला घातलास? मी काढला होता का... उकडत होतं म्हणून..."

"पाळण्यात होतं. तुझ्या पाळण्यात."

"मिकेले माझ्याकडे आहे."

"इरेने, वजन बघ तुझ्या खांद्यावरच्याचं. हातात धरून बघ. सकाळी एवढा होता का?"

ती उत्तर देणार तेवढ्यात कोपऱ्यावरून आई आली, डोक्यावर रुमाल, हातात शेजारणीकडून मागून आणलेला जुना स्प्रिंगचा काटा. भाड्याचा काटा खोटा ठरवायला ती भर उन्हात हा घेऊन आली होती. दोघांना दारात बघून ती म्हणाली, "बरं झालं, इथेच बघू. आण गं." आणि काटा पायरीवर ठेवून तिने इरेनेच्या खांद्यावरचं बाळ घेतलं. उचलताना तिच्या तोंडून "अगं बाई" निघालं, आनंदाने. काट्यावर ठेवलं तसा काटा गर्रकन फिरला.

"भरलं!" आई म्हणाली. "बघ! बघ म्हणते! कुठे गेले तुझे डॉक्टर?"

"आई," ब्रिझियो म्हणाला, "इकडे बघ."

तिने पाहिलं. त्याच्या हातांतल्या पुसट तोंडाकडे, पिवळ्या सदऱ्याकडे, सदऱ्याबाहेर आलेल्या काडीसारख्या पावलाकडे. त्या पावलाची दोन बोटं जन्मापासून जुळलेली होती आणि ती अजून जुळलेली दिसत होती. आईने ओळखलं. ब्रिझियोने तिच्या डोळ्यांत ते स्वच्छ पाहिलं. येऊन, थांबून, निघून गेलेलं.

ती काट्याकडे वळली. "रविवारी बाप्तिस्मा आहे," ती म्हणाली. "माणसं यायचीत. ते जे काय आहे ते आत ठेवून ये, ब्रिझियो."

"ते जे काय आहे ते?"

"वर तोंड करून बोलू नकोस. एवढं छान भरलंय पोरगं. तुझ्या बहिणीच्या डोक्यात काही भरवू नकोस."

तेव्हा ब्रिझियोच्या हातांत ते रडलं. जिना डोक्यावर घेणारं रडणं नव्हतं. जुन्या बिजागरीसारखा बारीक, चिरका, तुटका आवाज. रिकाम्या गल्लीत तो जेमतेम दोन दारांपर्यंत पोचला असेल.

इरेनेच्या ब्लाऊजवर दोन ओले डाग उमटले आणि पसरू लागले.

तिने खाली पाहिलं. काट्यावरचं गुबगुबीत बाळ गप्प होतं. ते तिच्याकडे एकटक बघत होतं. बाळ पुन्हा रडलं, पिवळ्या सदऱ्यातलं, आणि डाग आणखी पसरले, कमरेपर्यंत ओघळ आले. इरेनेचा चेहरा पांढरा पडला. ती दोन पावलांत ब्रिझियोपाशी आली आणि बाळ त्याच्या हातांतून अक्षरशः ओढून घेतलं.

"इरेने, अगं, हा इथे आहे!" आई ओरडली. "वेडी झालीस का? ह्याला कोण घेणार?"

"तू घे," इरेने म्हणाली. "तुला हवाय ना? तू घे."

"गाडी कोपऱ्यावर आहे," ब्रिझियो म्हणाला. "हॉस्पिटलला दहा मिनिटं."

ती चालायला लागली होती. चालता चालताच तिने गुंड्या सोडल्या. ब्रिझियो तिच्यावर सावली धरून बाजूने चालला. आधी काहीच ऐकू येईना, फक्त त्यांची पावलं. मग एक घोट. मोठा खंड. इरेने थांबली, श्वास रोखून. पुन्हा एक घोट, कमजोर, अर्धा ओठांबाहेर सांडलेला. ती रडत होती आणि चालत होती.

मागे आईची बडबड चालू होती. आता बघा लोक काय म्हणतील, आता तुल्लियोला काय सांगू, दोन्ही पोरं सारखीच निघाली. काटा पायरीवर आपटल्याचा आवाज आला; तिने बाळ उचलून घेतलं असावं. मग बडबड मध्येच तुटली. कापड फाटल्याचा आवाज आला आणि चुट्‌, चुट्‌.

"नाही रे राजा, इथे काही नाही," आई म्हणाली. "म्हातारीकडे कुठलं... नाही म्हणते ना. सोड."

कोपऱ्यावर ब्रिझियोने गाडीचं दार उघडलं आणि इरेनेला मागे बसवलं. गल्लीत बंद झडपांमागे लोक झोपले होते.

"ब्रिझियो," आईने हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्या आवाजात हुकूम नव्हता. "ब्रिझियो, अरे बाळा, इकडे ये ना जरा. ह्याला खाली ठेवता येत नाहीये."